त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं. (उत्तरं देणाऱ्या निवृत्त परिचारिका आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांत त्यांची नोकरी झाली.)

सिस्टर, माझं वय 52. सावळजजवळ द्राक्षबाग आहे. गावातल्या शिबिरात बीपी 164/100 निघालं. डॉक्टरांनी रोज एक अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. महिन्यानं 128/82 आलं म्हणून मी गोळी सोडली. पुढचे तीन-चार दिवसही बीपी चांगलंच होतं. आता मुलानं घरी मशीन आणलंय, ते दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, दिवसभर बागेत राबतो. गोळी एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते म्हणतात. त्रास काहीच नाही, मग कशाला घ्यायची?
— एक बागायतदार, तासगाव तालुका

दादा, 128/82 आलं ते गोळी पोटात होती म्हणून. बीपी गेलं नव्हतं, गोळीनं ते आवरून धरलं होतं. आणि अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश उतरते. एका दिवसात निम्मीसुद्धा जात नाही. त्यामुळे सोडल्यावर तीन-चार दिवस आकडे छान दिसतात. तेवढ्यात माणूस पारावर बसून सांगत सुटतो, 'मी सोडली, मला काय झालं?' पुढच्या पंधरवड्यात मात्र कुणी मोजायला येत नाही.

सवयीचं म्हणाल तर सवय तंबाखूची लागते. बीपीच्या गोळीची कुणाला तलफ आलेली मी तरी पाहिली नाही. उलट ती घ्यायची आठवण राहत नाही, हेच आमचं कायमचं रडगाणं. सोडल्यावर बीपी चढतं ते मूळचंच असतं, गोळीनं आणलेलं नसतं.

राहिलं 'त्रास नाही'. ढगाळ हवा पडली की पानावर एकही डाग नसताना तुम्ही डावणी रोगाचा फवारा घेताच ना? डाग दिसेपर्यंत थांबणारा बागायतदार मला दाखवा. वाढलेल्या बीपीनं डोकं दुखायलाच हवं असं काही नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. पुढं कधीतरी तोंड वाकडं होतं, नाहीतर रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण, वाढलेलं दिसतं, तेव्हा कळतं.

आता मशीन. दर वेळी आकडा वेगळा येतो, कारण बीपी दर वेळी वेगळंच असतं. शिवाय मोजायची पद्धत चुकली की त्यात आणखी भर. आमच्याकडं माणूस यायचा तो पायऱ्या चढून, तंबाखूची चिमूट गालात धरून, आणि दंडाला पट्टा बांधेपर्यंत ऊसबिल कसं थकलंय ते सांगत. असं बीपी काय कामाचं? मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालून नको, पायावर पाय टाकून तर नकोच. शर्टाची बाही वर गोळा करून दंडाला आवळायची नाही, हात बाहेरच काढायचा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मशीन दंडाचं असावं, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्यानं आकडा उगाच वर जातो. आणि पट्टा फुगत असताना एक शब्द बोलायचा नाही. हे सगळ्यात अवघड, मला माहीत आहे.

सकाळी गोळी आणि चहाच्या आधी दोनदा, मधे एक मिनिट सोडून. संध्याकाळी तसंच. असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस धरू नका, बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मशीनवर ती 135/85 किंवा त्याच्या वर असेल तर बीपी वाढलेलंच समजा. ती वही घेऊन डॉक्टरांकडं जा. गोळी सुरू करायची, कमी करायची की बदलायची ते त्यांनी ठरवायचं. पाऊल सुजत असेल तर तेही सांगा, अ‍ॅम्लोडिपिननं काहींना सूज येते आणि तिला पर्याय असतात.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, मीच विचारते. छाटणीच्या दिवसांत कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणता का? त्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवरही ताण येतो. दुसरं म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनं माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलंही आलं. आपल्याकडं जेवणात खर्डा, लोणचं, पापड आणि चार वाजता भडंग. भाजीतलं मीठ मोजायच्या आधीच चमचा भरतो.

पैशाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम महाराष्ट्रात ज्या चार जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यांत सातारा होता. तिथं माणसाचं कार्ड काढायचं, महिन्यानं बोलवायचं आणि आला नाही तर आशाताईंनी घरी जायचं, असं चालतं. नव्या औषधापेक्षा या पाठपुराव्यावर माझा जास्त विश्वास आहे.

आणि घरातल्यांनी वाचावं म्हणून: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्या गावाला गाडी वळवायची नाही. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. तुमच्या भागातून सांगली-मिरज काही लांब नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सगळ्यांना नाही. झटका किती वाजता आला ते घड्याळात बघून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

सिस्टर, माझं वय 38. रक्त 8.4 भरलं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं आणि संडास काळी होते म्हणून बंद केल्या. दोन महिने बीट आणि डाळिंब रोज खाल्लं, पण रक्त 8.6 च आहे. काय करू?
— एक गृहिणी, पलूस

वहिनी, बीट लाल, रक्त लाल, एवढंच त्यांचं नातं. बीटमध्ये लोह थोडंच असतं आणि डाळिंबात त्याहून कमी, मग ते आटपाडीचं का असेना. चवीला खुशाल खा. रक्तासाठी हळीव, मटकी, पालेभाजी, बाजरी, आणि चालत असेल तर काळीज. पण 8.4 हे खाण्यानं भरून निघणारं खिंडार नाही, गोळी लागेलच.

संडास काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळं, त्याला घाबरायचं कारण नाही. गोळी बंद असतानाही डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर मात्र दाखवा. मळमळीसाठी गोळी रात्री जेवल्यावर घेऊन बघा, किंवा डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड. जेवल्यावर घेतली तर थोडी कमी शोषली जाईल, पण बंद करण्यापेक्षा बरी. सोबत लिंबूपाणी चालेल, चहा नाही. चहा आणि गोळी यांत तासा-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

रक्त 12 च्या वर गेलं की बायका लगेच थांबतात. त्यानंतरही तीन महिने घ्यायची, शरीरातला साठा भरायला तेवढा वेळ लागतो.

पण रक्त जातंय कुठं, हे कुणी विचारलं का? पाळी किती दिवस जाते, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का? असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर वरून ओतायचं आणि खालून गळायचं. 'चाळिशीच्या आसपास असंच असतं' असं सासूबाई सांगतील. ऐकून घ्या आणि दवाखान्यात जा. जंताची गोळी कधी घेतली होती, तेही आठवा.

आता एक नाजूक प्रश्न. मिश्री लावता का? रागावू नका. तुमच्या भागात तपासणीला येणाऱ्या बायकांच्या कमरेच्या पिशवीत ती छोटी डबी असायचीच. आम्ही विचारलं की 'मी न्हाई बाई' म्हणायच्या आणि बोट काळं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सकाळी उठून मिश्री, वर कोरा चहा, मग भूक मेलेली, आणि पहिला घास दुपारी बारा वाजता. अशा पोटात लोह जाणार कुठून? तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळं सांगायला नको. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा, दुखत नसली तरी.

सिस्टर, मला शुगर आहे, वय 61. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत. यंदा लोणंदपासून माऊलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलंय. एकादशीचा उपवासही करणार. घरचे नको म्हणतात.
— एक वारकरी, कोरेगाव

माऊली, जा की. पण जायच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांकडं जाऊन या, आणि ग्लिमेपिराइडचं स्पष्ट विचारा. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही, साखर खाली आणतेच. रोज घरी बसणारा माणूस मैलोन् मैल चालायला लागला, त्यात जेवायला उशीर झाला, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. चालीच्या दिवसांत आणि उपवासाच्या दिवशी ती किती घ्यायची की घ्यायचीच नाही, हे कागदावर लिहून घ्या. मेटफॉर्मिननं एकटीनं सहसा असं होत नाही. पण उलट्या-जुलाब सुरू झाले तर तीही थांबवून वाटेतल्या वैद्यकीय पथकाला गाठा.

दरदरून घाम, हात थरथरणं, एकदम भूक, विसरल्यासारखं बोलणं, ही साखर उतरल्याची खूण. चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघायच्या गर्दीत कुणी असा बसला तर लोकांना वाटतं दमला, नाहीतर भजनात रंगला. म्हणून दिंडीतल्या दोघांना तरी सांगून ठेवा. खिशात साखरेची पुडी असू द्या. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग जेवायचं. तुम्ही साताऱ्याकडचे, खिशात कंदी पेढा ठेवाल. तो नको, त्यातल्या दुधा-तुपामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108.

पायांचं त्याहून महत्त्वाचं. जुनी, पायाला बसलेली पादत्राणं घ्या. वारीसाठी नवा बूट काढायचा नाही. अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. सुती मोज्यांचे तीन-चार जोड, ओले झाले की बदलायचे. रात्री मुक्कामावर तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरा किंवा सोबत्याला दाखवा. फोड फोडायचा नाही. आणि कुणी सेवेकऱ्यानं गरम पाण्याचं घमेलं पुढं केलं तर आधी कोपर बुडवून बघा. शुगरमध्ये पायांची जाणीव कमी होते. चटका लागलेला कळत नाही आणि सकाळी कातडी निघालेली असते.

उपवासाला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी असं करू नका. दाणे, ताक, थोडी भगर, तेही चार वेळा थोडं थोडं.

सासूबाईंना शुगर आहे. साखर बंद केली, पण घरचा बेदाणा आणि गूळ खातात. नैसर्गिक गोड चालतं म्हणतात. तपासणीच्या आधी दोन दिवस मात्र सगळं बंद!
— एक सूनबाई, कवठेमहांकाळ

साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडालं, साखर तिथंच राहिली. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम बेदाण्यात जवळजवळ चार चमचे साखर. गुळात थोडे क्षार जास्त, बाकी साखरच. अगदी तोडू नका, वयस्कर माणूस आहे. दहा-बारा बेदाणे जेवणाबरोबर द्या आणि तेवढा भात कमी करा.

दोन दिवसांच्या उपासाला फसायचं नसेल तर एचबीए1सी करा. ती तपासणी साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते. अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा चुकू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत करून घ्या. आणि सूनबाई, आकडा वाढलेला निघाला तर तो सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या नको.

थायरॉइडची गोळी दोन वर्षं घेते, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही खाली येईना. डोस वाढतच चाललाय.
— एक शिक्षिका, वाई

बाई, डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेता ते बघा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या ते एका तासानं. सकाळच्या शाळेची बस गाठायची म्हणून गोळी आणि चहा एकाच घोटात जात असतील तर गोळीचा काही भाग वायाच जातो. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घेतली तरी चालते. पण शेवटचं जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. पद्धत बदलून सहा आठवड्यांनी टीएसएच करा, त्याच्या आधी केलं तर पैसे वाया. आणि हे बदलल्याचं डॉक्टरांना सांगा, कारण गोळी नीट लागू पडायला लागली की आताचा वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो. छाती धडधडायला लागली तर सहा आठवडे थांबू नका.