"काय पाहिजे, आई?"

सातारा, मंगळवार

प्रिय पोरी,

दोन गल्ल्या सोडून राहतेस आणि पत्र लिहितेस, हे आवडलं. स्वतःवर प्रेम करायला शिकायचं म्हणून शामन शिबिराला, म्हणजे ढोलाच्या तालावर आत्म्यांच्या जगात जाऊन येणाऱ्या मांत्रिकाची विद्या शिकायला, जातेस म्हणे. त्याची फी वाचून मात्र आधी पाणी प्यायले. रागावले नाही. उलट माझी आई आठवली.

दर मंगळवारी तिच्या अंगात यायचं. केस सुटायचे, ती घुमायला लागायची. एरवी तिच्याशी धड न बोलणारी आजी हळदीकुंकू घेऊन पुढं बसायची आणि विचारायची, "काय पाहिजे, आई?" देवी दहीभात मागायची. एकदा हिरवं लुगडं मागितलं, एकदा सुनेला आठ दिवस माहेरी धाडा म्हणाली. सगळं मिळायचं. बुधवारी आई पुन्हा चुलीपुढं, सगळ्यांच्या मागून गार भाकरी खाणारी. आठवड्यातून तासभर तिला कुणीतरी विचारायचं, आणि तेही खरं तर तिला नाहीच. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

तू 'स्वतःवर प्रेम' म्हणतेस ना, त्याचा अर्थ मला तिथं लागतो. भूक लागलीय, दमलेय, आज जमणार नाही, हे अंगात काही न येता म्हणता आलं पाहिजे.

आता शामनचं. शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतला. तिकडं हा माणूस आजाऱ्यासाठी, वस्तीसाठी ढोल वाजवून आत्म्यांच्या जगात 'प्रवासा'ला जायचा. स्वतःला बरं वाटावं म्हणून नव्हे. तुला शिकवलं ते, म्हणजे डोळे झाकून पडायचं आणि मिनिटाला दोनशेच्या वर ठोके एका लयीत ऐकायचे, ते बरंचसं मायकल हार्नर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी माणसासाठी बसवलेलं. त्यात वाईट काही नाही. पण हजारो वर्षांचं जसंच्या तसं म्हणून कुणी विकत असेल, तर तेवढं वजा करून ऐक.

करायचंच तर घरी कर. पहाटे गच्चीवर जा. पूर्वेला माहुलीचा संगम, दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, उत्तरेला वेण्णा. चारी दिशांना रामराम घाल. (शिबिरातल्यासारखी गरुडाची पिसं कशाला हवीत? आपल्याकडं समोर डोंगर आहे.) मग आडवी हो आणि धाकट्याला पंधरा मिनिटं डफ वाजवायला लाव, तो कंटाळला तर फोनवर रेकॉर्ड करून ठेव. शेवटी ठोके जलद झाले की उठायचं. दिसलं ते वहीत लिही. ते भविष्य आहे असं मात्र कुणाला सांगत सुटू नकोस. फिट येत असतील किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

आणि हे अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव आहे, विसरू नकोस. २०१३ साली त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. शिबिरात कुणी "गोळ्या बंद कर" म्हणालं, तर चपला घालून सरळ बाहेर पड. फी परत मागत बसू नकोस.

आई पहिला घास कावळ्याला काढायची. तूही काढ. पुढची भाकरी तव्यावरून उतरली की ती तू खा, गरम असताना. बाकीचे थांबतील.

रविवारी ये. आमच्या आळीत एक गोंधळी राहतात, त्यांच्याकडून संबळाचा ठोका समजून घेऊ. येताना काही आणू नकोस. काय खायचंय ते तेवढं आदल्या दिवशी फोन करून सांग.

तुझी,
मावशी