बाळंतपणानंतर लघवी सतत गळते आणि वारा पुढून सरतो, हे नॉर्मल आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की चिमटा लावून डिलिव्हरी झाली, सहा आठवडे झाले तरी पॅड दिवसरात्र ओला असतो आणि वारा कधीकधी पुढच्या वाटेने सरतो. सासूबाई म्हणतात, ओल्या बाळंतिणीचं असंच असतं, सव्वा महिन्यानंतर अंग आवळतं. मी डॉक्टर नाही, पुण्यात युरॉलॉजी वॉर्डात सिस्टर आहे. सव्वा महिना उलटून गेलाय, आता वाट बघू नका.

खोकताना-शिंकताना थेंब जाणं पुष्कळजणींना होतं आणि व्यायामाने बरंचसं सुधारतं. झोपेतही गळत असेल तर गोष्ट वेगळी. बाळाचं डोकं खूप वेळ अडकून राहिलं की मूत्राशयाचा तेवढा भाग दाबला जातो, रक्त पोचत नाही, आणि काही दिवसांनी तिथे भोक पडतं. म्हणून गळती कधी आठवड्याभराने सुरू होते. चिमट्याने किंवा सिझरमध्येही इजा होऊ शकते. मूत्राशयातून योनीमार्गात पडलेल्या अशा भोकाला फिस्टुला म्हणतात, आणि तो व्यायामाने बुजत नाही. क्वचित लघवी तुंबून वरून थेंब थेंब सांडते; लघवी केल्यावर लगेच सोनोग्राफी केली की ते कळतं.

फिस्टुलाची पहिली तपासणी साधी आहे. योनीमार्गात गॉजचे तीन बोळे एकावर एक ठेवतात, नळीने मूत्राशयात निळं औषध भरतात आणि बाईला थोडं फिरवून आणतात. मधला किंवा वरचा बोळा निळा झाला तर भोक मूत्राशयाला. वरचा ओला पण निळा नाही, तर किडनीकडून येणाऱ्या नळीला इजा असण्याची शक्यता. खालचाच निळा झाला तर लघवीच्या तोंडातून गळतंय. बायका या तपासणीला फार लाजतात. आमच्या वॉर्डात त्याचं कोणाला काही वाटत नाही. पुढे दुर्बिणीने तपासणी आणि सीटी लागतो.

पुढून वारा सरण्याचं वेगळं सांगा. नुसती आत अडकलेली हवा असू शकते, पण वास येत असेल किंवा पॅडला संडास लागत असेल तर डिलिव्हरीत अंग कुठवर फाटलं होतं ते बघावं लागतं. त्यासाठी गुदमार्गात बोट घालून तपासणी, स्नायूंची सोनोग्राफी, कधी एमआरआय.

भोक लहान आणि ताजं असेल तर काही आठवडे कॅथेटर ठेवल्यावर ते आपोआप बुजू शकतं. हा वेळ वाया घालवू नका असं मी म्हणते ते यासाठीच. नाही बुजलं तर ऑपरेशन, पण सूज उतरेपर्यंत साधारण तीन महिने थांबायला सांगतात. त्यानंतर पुढचं बाळंतपण बहुधा सिझरच.

ससूनला किंवा पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला जाणार असाल तर डिलिव्हरीचं डिस्चार्ज कार्ड न्या आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते आधीच विचारा. ओपीडीत 'लघवीचा त्रास आहे' एवढंच म्हणू नका, नाहीतर यूरिन टेस्टची चिठ्ठी हातात पडेल. 'झोपेतही गळतं आणि वारा पुढून सरतो' असं सरळ बोला.

तोवर पाणी कमी करू नका, घट्ट लघवीने कातडी जास्त सोलवटते. व्हॅसलिन लावा. संडास कडक होऊ देऊ नका. थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं किंवा लघवी अजिबात न होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.