पुस्तकाचं चित्र टाकलं की संदर्भ झाला का?

प्रश्न: ताई, मी एम.ए.ला आहे, शेवटच्या सेमिस्टरला लघुप्रबंध आहे, विषय पांडवलेणीतले शिलालेख. नोट्स सगळ्या मोबाईलवर काढतो, त्यामुळे सवय अशी लागली की पुस्तकातलं असेल तर 📚, लेखातलं असेल तर 📄, स्वतः लेणीवर जाऊन बघितलं असेल तर 👀 आणि कुणी तोंडी सांगितलं असेल तर 🗣️. पहिलं प्रकरण टाइप करताना ती चित्रं तशीच ठेवली, दिसतही छान होती. आमच्या गाईडनी लाल पेनाने सगळी खोडली आणि "हे व्हॉट्सॲप नाही" एवढंच लिहून प्रकरण परत दिलं. संदर्भासाठी एखादा ऑफिशियल इमोजी असतो का? असेल तर त्यांना दाखवतो.
— एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर: नसतो रे, आणि दाखवायला तर मुळीच जाऊ नकोस. युनिकोडच्या यादीत पुस्तकांची चळत आहे, पेपरक्लिप आहे, बुकमार्क आहे, साखळी आहे, सूक्ष्मदर्शक आहे, पदवीची टोपीसुद्धा आहे, पण "हे मी अमक्याकडून घेतलंय" असं सांगणारं चित्र एकही नाही. आणि असतं तरी काय फरक पडला असता? 📚 म्हणजे पुस्तक एवढंच कळतं. कुणाचं, कितवी आवृत्ती, कितवं पान, ते वाचणाऱ्याने कुठून शोधायचं?

आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपला जातात ना, त्या पेटीवर द्राक्षाचा घड छापलेला असतोच. पण माल तपासणारा त्या घडाकडे बघतसुद्धा नाही, तो नंबर बघतो, कारण त्या नंबरावरून मागे मागे जात थेट कुठल्या शेतकऱ्याची कुठली बाग इथपर्यंत पोचता येतं, औषधाचा अंश जास्त निघाला तर कुणाला विचारायचं ते कळतं. तुझं 📚 म्हणजे तो छापलेला घड झाला.

गाईडचं म्हणणं मात्र मला अर्धंच पटलं. खुणा लिखाणात काही आज आल्या नाहीत. पोथी लिहिताना अक्षर सुटलं की लिहिणारा तिथे काकपद काढायचा आणि राहिलेलं अक्षर समासात लिहायचा. छापील पुस्तकात तळटीपेसाठी तारा असायचा, तो संपला की कट्यारीसारखी खूण. आणि आपलं "तत्रैव" बघ की, एका शब्दात वरचा अख्खा संदर्भ पुन्हा उभा राहतो, इमोजी काय वेगळं करतो? फक्त या सगळ्या खुणांना खाली नाहीतर बाजूला काहीतरी लिहिलेलं असतं, ते नसेल तर कट्यार नुसती लटकत राहील. तुझ्या पानावर खाली काहीच नव्हतं.

आता तुझ्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बघितलेलं वेगळं, वाचलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, हा फरक तू पहिल्या दिवसापासून ठेवलास, भल्याभल्यांना ते जमत नाही. पण एकदा स्वतःशी खरं बोल. लेणं क्रमांक ३ मधला गौतमी बलश्रीचा लेख, सातवाहन राजा पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला, त्याच्यापुढे तू 👀 टाकलं असणार. दगड तू बघितलास हे खरं, पण ब्राह्मीतल्या त्या ओळी तुझ्या तू वाचल्यास का? बहुतेक ते वाचन ई. सेनार यांचं असणार, शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडातलं (१९०५-०६), किंवा त्याच्यावरून पुढे कुणी मराठीत दिलेलं. म्हणजे तिथे तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला लागतात: लेख कुठल्या लेण्यात आहे, वाचन कुणाचं, आणि तू ते मूळ खंडात बघितलंस की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललंस. एका डोळ्याच्या चित्रात हे कसं मावणार?

नोट्समधली चित्रं खुशाल राहू दे, संदर्भ साठवायचं झोटेरो सॉफ्टवेअर वापरत असशील तर त्यात टॅग म्हणूनही इमोजी टाकता येतो. प्रकरण टाइप करताना मात्र एकेका चित्राच्या जागी पूर्ण संदर्भ लिही. नाहीतरी डीटीपीवाल्याने युनिकोडचं श्रीलिपी फॉन्टात केलं की तुझे डोळे नि पुस्तकं गायब होणार, उरले तर चौकोन उरतील.

प्रश्न: मी शाळेत शिकवते आणि पीएच.डी. करते आहे. द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भाषा हा विषय आहे. माझ्याकडे इमोजी हीच सामग्री आहे. प्रबंधात ते ठेवायचे की काढायचे?
— एक शिक्षिका, दिंडोरी

उत्तर: ठेवा हो, काढलेत तर अभ्यासायला राहील काय. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत (२०१९) याची सोय आहे: इमोजी जसाच्या तसा छापता येत असेल तर छापा, नसेल तर चौकोनी कंसात त्याचं वर्णन द्या, म्हणजे [जोडलेले हात इमोजी] असं. सोशल मीडियावरच्या पोस्टचा संदर्भ देताना पहिले २० शब्द शीर्षक म्हणून घेतात, त्यात एक इमोजी एक शब्द धरतात.

पण वर्णनावर थांबू नका. सकाळी सहाला आलेला 🙏 म्हणजे नमस्कार, निधनाच्या बातमीखालचा 🙏 म्हणजे श्रद्धांजली, आणि फवारणीवरून दोघांची जुंपलेली असताना तिसऱ्याने टाकलेला 🙏 म्हणजे बाबांनो बास करा आता. चित्र एकच आहे, म्हणून मेसेजची वेळ आणि त्याच्या आधीचे दोन-तीन मेसेज नोंदवाच. स्क्रीनशॉटही ठेवा, कारण एकच इमोजी वेगवेगळ्या फोनवर वेगळा दिसतो आणि कंपन्या चित्र बदलतातही. ॲपलने २०१६ मध्ये पिस्तुलाची पाण्याची पिचकारी करून टाकली, तेव्हा पाठवणाऱ्याने पिचकारी पाठवली आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बंदूक दिसली असं होऊ शकत होतं. नावं नि नंबर काढून टाका, आणि ग्रुपची परवानगी लेखी घ्या, ॲडमिनने 👍 केलं होतं एवढ्यावर निभावून नेऊ नका.

प्रश्न: मधेमधे शब्दांऐवजी इमोजी टाकले तर सॉफ्टवेअरमध्ये कॉपीची टक्केवारी कमी येते असं मित्र म्हणतो. खरंय का?
— नाव नको, नाशिक रोड

उत्तर: मित्राला म्हणावं, स्वतःच्या प्रबंधात करून दाखव आधी. सॉफ्टवेअर फसेलही एखाद वेळी, पण प्रबंध तपासायला माणूस बसलेला असतो आणि परिच्छेदाच्या मधोमध 🌾 दिसल्यावर तो पहिलं तेच पान उघडणार. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. आणि ज्याचा नीट संदर्भ देऊन उतारा घेतलाय तो, शिवाय संदर्भसूची, हे त्या मोजणीतून वगळलेलं असतं. म्हणजे जे लपवायला तू इमोजी शोधतोयस ते नावानिशी लिहिलंस तर मोजलंच जात नाही.