हँडगार्डची चीर आणि मुरलेलं तेल

प्रश्न : आजोबांची .३०३ ली-एनफील्ड (मार्क ३) रायफल घरात भिंतीवर आहे. नळी वेल्डिंगने कायमची बंद केलेली असून कागदपत्रं आहेत. मागच्या हँडगार्डला (नळीवरच्या लाकडी आवरणाला) मधोमध लांब चीर गेली आहे, नेम धरायच्या साइटशेजारचा एक कानही (लाकडाचं पातळ टोक) तुटला आहे, तुकडा जपून ठेवलाय. सुताराने पांढरा गोंद लावून दिला, दोन महिन्यांत चीर पुन्हा उघडली. (नौपाडा, ठाणे)

उत्तर : गोंद हरला तो तेलापुढे. १९०७ साली आलेल्या या नमुन्याचं अक्रोडाचं लाकूड वर्षानुवर्षं अळशीचं तेल आणि बंदुकीचं तेल पीत आलेलं असतं. असल्या लाकडाला कोणताच गोंद धरत नाही.

म्हणून आधी हँडगार्ड उतरवून तेल काढायचं. साइटची पट्टी उभी करा. दोन्ही बाजूंना अंगठे लावून हँडगार्ड सारख्या जोराने वर उचला. एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालू नका. आतली स्प्रिंगची क्लिप नळीला आवळून बसलेली असते. एका अंगाने उपसलं की सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर येतो आणि चीर तिथूनच धावते.

जुना गोंद कोमट पाणी आणि टूथब्रशने मऊ करून काढा, लाकूड दोन दिवस सावलीत वाळवा. मग ॲसिटोनमध्ये चॉक पावडर दह्याइतकी दाट कालवून चिरेत आणि तुटक्या तोंडांवर थापा. लेप सुकता सुकता तपकिरी होईल. झटकून पुन्हा लावा. तीन-चार फेऱ्यांनंतर तो पांढराच राहिला, की तेल बऱ्यापैकी निघालं. हे गॅलरीत करा, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब.

जोडायला सावकाश सुकणारं अरल्डाइट घ्या, दोन्ही ट्यूब समान मापात. पाच मिनिटांचं नको. आत झिरपायच्या आधीच ते घट्ट होतं. हेअर ड्रायरने लाकूड किंचित गरम केलं की मिश्रण पातळ होऊन चिरेत उतरतं.

आता खरी मेख. हँडगार्ड अर्धनळीसारखं असतं. नुसत्या बाजू दाबल्या तर वरची चीर मिटण्याऐवजी बाहेरून फाकते. म्हणून नळीच्या जाडीचा पाइप प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवा आणि बाहेरून सायकलच्या ट्यूबची पट्टी वेटोळी आवळा. फार आवळू नका, सगळं अरल्डाइट बाहेर पिळून निघेल. २४ तास हात लावू नका.

सुकल्यावर आतल्या बाजूने, चिरेवर आडवा, सुती कापडाचा पातळ पट्टा अरल्डाइटमध्ये भिजवून चिकटवा; मात्र क्लिपची जागा सोडा आणि तो नळीला टेकत नाही हे पाहा.

कानाचा तुकडा असाच जोडा आणि सांध्यात दीड मिलिमीटरची बांबूची काडी तिरकी घाला. तुकडा हरवला असता तर नवा अक्रोडाचा घालावा लागला असता, रेषा त्याच दिशेने ठेवून आणि सांधा जाडीच्या सहापट लांब तिरका घेऊन.

बाहेरून पॉलिशपेपर मारू नका. शिक्के जातात, लाकडाची पातळी खाली येते आणि दुरुस्ती लपण्याऐवजी चमकते. सांडलेलं अरल्डाइट ओलं असतानाच पुसा. बोल्ट, ॲक्शन (गोळी भरण्या-उडवण्याची यंत्रणा) आणि नळीला हात लावायचा नाही. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं.

प्रश्न : चीर केसाइतकी आहे. उघडून मोठी करावी का? (कळवा)

उत्तर : नाही. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच वाकवून पाहा. हलत नसेल तर नुसतं तेल काढून पातळ इन्स्टंट गोंदाचे दोन थेंब सोडा, ते आपोआप आत खेचले जातात. हलत असेल तर ती केसाएवढी नाही. वरचीच रीत वापरा.

प्रश्न : दुरुस्तीनंतर अळशीचं तेल लावलं, महिना झाला तरी हाताला चिकटतं. (ऐरोली)

उत्तर : जाड थर लावलात, त्यातून खाडीकाठचा पावसाळा. टर्पेंटाइनच्या फडक्याने वरचा चिकटपणा पुसून काढा. मग रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल बोटावर चार थेंब घेऊन चोळा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसा. दोन थरांत तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा. व्हार्निशच्या वाटेला जाऊ नका, जुनं लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं.

तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल सुकताना आतून तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेकटं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.