कोन कशाचा, पेटी कशाची? टॉवर स्पीकरबद्दल वाचकांचे प्रश्न

धुळ्याहून एका वाचकाचा प्रश्न: एका टॉवरमध्ये वूफरचा (जाड सुरांचा मोठा स्पीकर) कोन, म्हणजे हलणारा पडदा, कागदी आहे, दुसऱ्यात अ‍ॅल्युमिनियमचा, तिसऱ्यात विणलेला केव्लार (एक मजबूत कृत्रिम धागा). तिसऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट किमतीच्या चौथ्यात बेरिलियम धातूचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) आहे. फरक खरंच ऐकू येतो का?

फरक येतो, पण तो साहित्याच्या नावावरून ओळखता येत नाही. कुठलाही कोन एका मर्यादेपर्यंतच एकसंध हलतो. त्यापुढे त्याचे भाग वेगवेगळे थरथरतात. साडेसहा इंची धातूच्या कोनात ही थरथर साधारण 4.5 ते 7 किलोहर्ट्झच्या दरम्यान एका तीक्ष्ण शिखरासारखी उठते. कागद लवकर थरथरतो, पण थरथर शोषून घेण्याचा गुण त्याच्या अंगातच असल्यामुळे शिखर बुटकं राहतं. केव्लारची खुबीही कडकपणात नव्हती, थरथर पसरवून टाकण्यात होती. बॉवर्स अँड विल्किन्सने 2015 मध्ये आपल्या 800 मालिकेतून तो काढला.

धातूच्या कोनाचं शिखर 5 किलोहर्ट्झला असेल, तर 1,670 हर्ट्झच्या आसपासच्या सुराचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट कंपनांचा उपसूर) नेमका तिथे जाऊन फुगतो. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) कितीही तीव्र उताराचा असला तरी ही विकृती वूफरच्या आतच तयार होते, तिला तो पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणून धातूचा कोन थ्री-वे (सूर तीन पट्ट्यांत वाटलेल्या) टॉवरमध्ये, काही शे हर्ट्झपर्यंतच वापरलेला असेल तर निर्धास्त घ्या. टू-वेमध्ये 2.5-3 किलोहर्ट्झपर्यंत ताणलेला असेल तर आधी नीट ऐका. तानपुऱ्याची जवारी आणि तार सप्तकातला बाईचा आवाज लावा. दहा मिनिटांत कानाला ओरखडे जाणवू लागले, तर पुढे त्याची सवय होईल या आशेवर राहू नका.

बेरिलियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकं आणि सुमारे चौपट ताठ असतं. त्यामुळे ट्वीटरची थरथर माणसाच्या कानाच्या बऱ्याच पलीकडे जाते. पण अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या घुमटाची (ट्वीटरच्या पडद्याची) थरथरही 25 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकू न येणारीच. एवढ्या एका कारणासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. घरात लहान मुलं असतील तर जाळी काढू नका. बेरिलियमचा घुमट फुटलाच तर त्याचे तुकडे चुरू किंवा झाडू नका, कारण त्याची धूळ विषारी असते. घुमटावर चिकटपट्टी लावा आणि कंपनीला कळवा.

शहाद्याहून: आमच्याकडचा मिस्त्री चांगला आहे आणि घरात जुनं सागवान पडून आहे. कंपनीच्या टॉवरचे ड्रायव्हर (आतले वूफर-ट्वीटर) आणि क्रॉसओव्हर तेच ठेवून सागवानाची पेटी करून घेतली तर?

मिस्त्रीच्या हातावर विश्वास ठेवा, सागवानाच्या फळीवर नको. आडव्या रुंदीत लाकूड हवेप्रमाणे आकसतं आणि फुगतं. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात आणि ऑगस्टच्या दमटपणात 30 सेंटिमीटर रुंद फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सांधा उघडला की पेटीतून हवा निसटते आणि बासवर फुसफुस ऐकू येते. सागवान हवंच असेल तर व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) म्हणून लावा, तेही फळीच्या दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लावलं की पॅनेल वाकतं.

मूळ पेटी 25 मिलिमीटर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) करा. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून 18 ऐवजी 25 घेतलं की तो सुमारे 2.7 पट होतो. मात्र मीटरभर उंच, पाऊण हात रुंद अशी एक पेटी सुमारे 25 किलोची होते, उचलायला दोन माणसं हवीत. प्लाय घ्यायचा तर आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या. स्वस्त प्लायच्या थरांत पोकळ्या राहतात, त्या ठरावीक सुरावर खुळखुळतात.

जाडी वाढवताना आतली मापं मूळ पेटीचीच ठेवा आणि वाढ बाहेरच्या अंगाला जाऊ द्या. आत नवे आडवे पट्टे टाकले तर त्यांनी खाल्लेली जागा पेटी मागच्या बाजूला लांबवून भरून काढा. पोर्टची (पेटीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची) लांबी आणि व्यास अजिबात बदलू नका. समोरच्या पाटीची रुंदी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने वाढली तर चालेल. त्याहून जास्त वाढली तर आवाज पुढे फेकला जाण्याची हद्द सरकते (25 सेंटिमीटर रुंदीला ती 460 हर्ट्झच्या आसपास असते) आणि मूळ क्रॉसओव्हर जुळत नाही.

खिडकीसारखे आडवे पट्टे वीस-पंचवीस सेंटिमीटरवर द्या, पण अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर सगळे तुकडे एकाच सुरावर घुमतील. समोरची पाटी दुहेरी केलीत तर वूफरच्या भोकाची आतली कडा 45 अंशांत उतरती कापून घ्या. हे बहुतेक मिस्त्री विसरतात. मग कोनामागची हवा जणू नळीत कोंडते आणि मधले सूर डब्यातून आल्यासारखे वाटतात. सांध्यांवर आतून गोंदाचा जाड हात फिरवा, ड्रायव्हरखाली गॅस्केट (हवा अडवणारी मऊ पट्टी) लावा. एमडीएफच्या कापलेल्या कडा, विशेषतः तळ, सीलरने बंद करा. रोज फरशी पुसताना तळ पाणी पितो आणि पहिल्याच पावसाळ्यात फुगतो.

जळगावहून: खोली 12 बाय 10 फूट, छत 10 फूट. दोन आठ इंची वूफरचा टॉवर बसेल का?

बसेल, पण घुमेल. रुंदी आणि उंची दोन्ही 10 फूट, म्हणजे दोन्हींचा घुमाऱ्याचा सूर एकच, सुमारे 56 हर्ट्झ. 12 फुटांचा 47 हर्ट्झला. पोर्टेड टॉवर नेमका याच पट्ट्यात जोर लावतो. दोन साडेसहा इंची वूफरचं एकत्र क्षेत्रफळ सुमारे 270 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका आठ इंचीपेक्षा जास्तच भरतं. या खोलीला तेवढं पुरे. बंद पेटी मिळाली तर उत्तम. तिचा बास दर सप्तकाला 12 डेसिबलने हळू उतरतो, पोर्टेडचा 24 ने. पोर्टेडच आवडला असेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐकून पाहा. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरं सारखी ठेवू नका: मागे 75 सेंटिमीटर असेल तर बाजूला 50.

भुसावळहून: पत्र्याच्या खोलीत दहा-पंधरा वर्षं पडलेले जुने उंची टॉवर विकत मिळताहेत. घ्यावेत का?

वूफरची कडा फोमची असेल तर टॉर्च मारून बघा, बोटाला भुगा लागला तर नवी कडा बसवावी लागेल. रबराची असेल तर बहुधा ठीक. ट्वीटर मल्टिमीटरवर चांगला दिसूनही दबका वाजत असेल तर त्यातलं फेरोफ्लुइड (चुंबकाकडे ओढलं जाणारं तेलकट द्रव) उन्हाने वाळलेलं असू शकतं. ते साफ करून नवं भरता येतं. हे दोन्ही खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.

चाळीसगावहून: 4 ओहमचा, 89 डेसिबलचा टॉवर 8 ओहमच्या 87 डेसिबलवाल्यापेक्षा जोरात वाजेल ना? आणि शहाबादी फरशीवर स्पाइक (टोकदार पाय) लावावेत का?

अँप्लिफायरचं बटण त्याच जागी ठेवलं तर हो. पण डेसिबलचा हा आकडा 2.83 व्होल्टवर मोजतात, आणि 4 ओहमला तेवढ्यात 2 वॉट जातात. एका वॉटवर तो 86 डेसिबलच भरतो, शिवाय अँप्लिफायरही जास्त तापतो. स्पाइक लावा, पण खाली नाणं किंवा पितळी वाटी ठेवा, नाहीतर फरशीचा टवका निघेल. मग पेटीचा वरचा कोपरा हलवून बघा. डुगडुगली तर अधांतरी असलेला स्पाइक खाली फिरवून टेकवा आणि लॉकनट पुन्हा आवळा.