घसारा, अवमूल्यन आणि माझा लाडका बट्टा

प्रश्न असा आलाय की गाडीचं डेप्रिसिएशन, म्हणजे वापरून वर्षागणिक घटणारी किंमत, याला मराठीत काय म्हणायचं, अवमूल्यन की घसारा? घसारा. अवमूल्यन सरकार करतं, चलनाचं, ठरवून. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर नेला, ते अवमूल्यन. तुमच्या गाडीचं अवमूल्यन करायला कोण बसलंय? हल्ली बातम्यांत सर्रास ऐकतो आणि डोकं फिरतं.

घसारा हा 'घसरणे'वरून आला असं काहीजण ठामपणे सांगतात, मला नाही पटत. घसरण एकदम होते, घसारा रोज थोडाथोडा, घासून घासून. म्हणून जमिनीला घसारा लावत नाहीत आणि कॉम्प्युटरला इन्कम टॅक्सवाले ४० टक्के लावतात, असो.

पण खरी मजा 'बट्टा' या शब्दात आहे, म्हणजे नाण्याच्या किमतीतून कापून घेतलेली रक्कम! जुन्या काळी नाणं झिजलं की सराफ बट्टा कापून घ्यायचा हे ठीक, पण बंगालात न झिजलेल्या रुपयालाही बट्टा लागायचा, कारण काय तर साल जुनं! पहिल्या वर्षी सिक्का रुपया पूर्ण किमतीचा, पुढच्या वर्षी कमी, त्यानंतर अजून कमी, चांदी तेवढीच बरं का. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीने वैतागून नाण्यावरचं सालच गोठवलं, मुघल बादशहा शाह आलमच्या राजवटीचं १९वं वर्ष, पुढे कितीही वर्षं गेली तरी नाण्यावर १९च. डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत 'मागच्या सालचं मॉडेल' होते ना, ते हेच. म्हणजे वापरून झीज झाली तर घसारा, नुसतं वय झालं तर बट्टा, आणि मोबाईलला तर मी बट्टाच म्हणेन.

'नावाला बट्टा लागला' तो इथूनच, असं मला वाटतं. बट्टा म्हणजे मुळात डाग असं शिकवणाऱ्यांनी एकदा सराफी व्यवहार वाचावा, किंमत आधी कमी झाली, डाग नंतर चिकटला. चेक 'वटतो' आणि व्यापारी 'वटाव' म्हणजे सूट देतो ते शब्दही याच घरचे, संस्कृत 'वर्त'वरून, असं माझं मत. हिंदीतला सिलबट्टा मात्र मध्ये आणू नका, तो वाटायचा दगड आहे. भत्त्याचाही संबंध नाही, इंग्रजांनी दोन्ही 'बॅटा' करून घोळ घातला तो हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशातसुद्धा दोन वेगळे शब्द म्हणून सोडवलाय.

आणि बट्ट्याबोळ? बट्टा कापता कापता मुद्दलाचीच बोळवण झाली तो बट्ट्याबोळ, असा माझा अंदाज आहे, कोशवाले नाकं मुरडतील, मुरडू देत.