‘डेथ कप्पा’ हा जपानी राक्षसपट बघण्यासारखा आहे का? हा कप्पा खरंच लोककथेतला आहे का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हो, अगदी अस्सल लोककथेतला. (कपाटातल्या कप्प्याशी काही संबंध नाही.)

कप्पा म्हणजे नदीत, डोहात राहणारा, लहान मुलाएवढा प्राणी. चोच, पाठीवर कासवासारखं कवच आणि डोक्यावर पाण्यानं भरलेली बशी. सगळी ताकद त्या बशीतल्या पाण्यात. माणसांना, घोड्यांना पाण्यात ओढतो, पण भलताच शिष्टाचारी! तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, पाणी सांडतं आणि गडी गारद. काकडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. काकडीच्या सुशीला ‘कप्पामाकी’ म्हणतात ते त्यावरूनच. इवाते प्रांतातल्या तोनोमध्ये कप्प्याचा डोह आजही दाखवतात. माझी आजी विहिरीकडे फिरकू नये म्हणून आसरांची भीती घालायची, तेच काम तिकडे कप्प्याकडे.

आता सिनेमा. २०१० सालचा, दिग्दर्शक तोमोओ हारागुची. हा माणूस मूळचा मेकअप आणि मॉडेलवाला, १९९५ च्या ‘गामेरा’ या राक्षसी कासवाच्या सिनेमावरही त्यानं काम केलंय. गायिका व्हायचा बेत फसल्यावर नायिका गावी परतते, आजी मरताना कप्प्याला सांभाळ म्हणून सांगते, मग लष्करी वेडाची मंडळी, अणुबॉम्ब, हांग्योलास नावाचा राक्षस आणि शेवटी इमारतीएवढा झालेला कप्पा. कथा एवढीच. मधला लष्करी प्रयोगांचा भाग मला कंटाळवाणा वाटला.

पैसे कमी होते हे लपत नाही. रणगाडे सरळ खेळण्यातले वाटतात. पण कप्पा मात्र खटकत नाही, आणि त्याला कारण आहे. डायनासोरसारख्या राक्षसाच्या पोशाखात माणूस घुसवला की गुडघे आणि चाल चुगली करतातच. कप्पा मुळातच दोन पायांवर चालणारा, माणसाच्या बांध्याचा. त्यामुळे स्वस्तातला रबरी पोशाखही त्याला शोभतो.

खरी गोची वजनाची असते. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यात थर्माकोलचा बुरूज कोसळायचा, तेव्हा तो टपकन पडायचा आणि लोक हसायचे. छोट्या वस्तूला पडायला अंतर कमी, म्हणून ती लवकर खाली येते आणि छोटीच दिसते. गणित सोपं आहे, पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो: इमारत खऱ्याच्या एक पंचविसांश असेल, तर पडायला खरीपेक्षा एक पंचमांश वेळ लागतो. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम (चित्रं) घेतल्या आणि त्या नेहमीच्या २४ च्या वेगानं दाखवल्या, की पडणं पाचपट संथ दिसतं; तरच ती जड वाटेल. १९५४ च्या ‘गोजिरा’पासून (म्हणजे आपला गॉडझिला) जपानी लोक कॅमेरा जास्त वेगानं चालवतात तो याचसाठी. ‘डेथ कप्पा’त हे कधी जमतं, कधी नाही.

तेव्हा बघा, पण मित्रांबरोबर, चहा-भजी घेऊन. लहान मुलांना दाखवायचा असेल तर आधी स्वतः बघून ठरवा. आणि लोककथेचीच ओढ असेल तर दाइएई कंपनीचा १९६८ चा ‘योकाई दाइसेन्सो’ शोधा. बॅबिलोनहून आलेल्या राक्षसाशी पहिली झटापट त्या सिनेमातला तळ्यात राहणारा कप्पाच करतो. फक्त साल बघून घ्या, याच नावाचा २००५ चा सिनेमा वेगळा आहे.